चोचीचा दगड

आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारी माणसं पुष्कळ असतात. मी तो धोंडा दुसऱ्यांच्या वाटेत ठेवला आणि वर त्याचा फोटो काढला.

झालं असं, की डोंगरावरच्या खिंडीत मी एकटाच पोचलो होतो. पुढची तुकडी मला कंटाळून निघून गेली होती आणि मागची अजून यायची होती. छाती लोहाराच्या भात्यासारखी चालली होती. बसायला जागा शोधली तर जिकडेतिकडे लोकांनी रचलेल्या दगडांच्या लगोऱ्या. लहान, मोठ्या, वाकड्या, एकीवर तर कोणीतरी आपली टोपी विसरलेली. माणसाला रिकामा वेळ आणि सपाट दगड एकाच जागी मिळाले, की त्याचं वय आपोआप आठ होतं. मीही एक लगोरी रचली. फक्त वरचा शोभेचा दगड मिळेना. तो मिळाला बाजूच्या एका कमरेएवढ्या जुन्या ढिगावर. लांबट, चपटा, एका टोकाला निमुळता, थेट पक्ष्याच्या चोचीसारखा. तो उचलला, माझ्या लगोरीवर चढवला, चोच दरीच्या बाजूला वळवली, कारण फोटोत तिकडे उजेड बरा येत होता. मग शीळ घालत, वर येणाऱ्या मागच्या तुकडीला हात करत, आल्या वाटेने खाली उतरलो.

माझ्या पाठोपाठ खिंडीत धुकं उतरलं आणि धुक्यातून मागची तुकडी आली. तिच्यापुढे सहल कंपनीचा नवा वाटाड्या होता. त्याला बिचाऱ्याला एवढंच शिकवलं होतं, की खिंडीत वाटेला दोन फाटे फुटतात, तिथे ढिगावरच्या दगडाची चोच बघायची आणि चोच सांगेल तिकडे वळायचं. चोच माझ्या लगोरीवर होती. ती सांगेल तिकडे सगळे वळले आणि कड्याच्या अरुंद कंगोऱ्यावर जाऊन भिंतीला पाठ लावून उभे राहिले. पुढे वाट नाही, वळायला जागा नाही, आणि खाली काय आहे ते धुक्याने मेहेरबानी करून झाकलेलं.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. डोंगराच्या पायथ्याशी जे पाहुणेघर होतं, त्याच्या जेवणाच्या दालनात मी दुसरा कप चहा पीत होतो. एवढ्यात टेबलावर ठाणकन काहीतरी आदळलं. चहा बशीत आला. समोर चोचीचा दगड होता आणि दगडावर एक हात होता, खरखरीत, बोटांची पेरं सुजलेली, नखांत माती.

"हा आपण ठेवलात?" हाताच्या मालकिणीने विचारलं.

इतक्या आदराने माझ्याशी बऱ्याच दिवसांत कोणी बोललं नव्हतं. मी खूश होऊन म्हणालो, "हो. छान दिसतो ना?"

स्वयंपाकघराच्या दारातून पाहुणेघराच्या मालकीणबाई, त्यांना सगळे वहिनी म्हणत, मला हाताने 'गप्प बसा, गप्प बसा' अशा खुणा करत होत्या. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जुनी खोड.

"फारच छान," समोरच्या बाई म्हणाल्या. "बारा माणसं कंगोऱ्यावरून एकेक करून हाताला धरून आणली मी. रडत होते, एक जण तर माझ्या गळ्यालाच पडला होता. आपली कलाकुसर बघून धन्य झाले सगळे. चहा घ्या आपण. सकाळी माझ्याबरोबर वर यायचंय."

त्या गेल्या. दगड तिथेच राहिला. वहिनी पुढे आल्या आणि बशीतला चहा पुसत म्हणाल्या, "वन्सं चांगल्या असल्या की माणसाला तू म्हणतात. चिडल्या की तुम्ही. तुम्हाला आपण म्हणाल्या. रात्री खोलीला आतून कडी लावा."

आता वन्सं म्हणजे नवऱ्याची बहीण. वहिनींच्या त्या थोरल्या नणंद, म्हणून वहिनी त्यांना वन्सं म्हणत. पण वहिनींचा आवाज असा, की त्यांनी चुलीपाशी हाक मारली तर ती पहिल्या वळणावर ऐकू येई. ऐकून ऐकून दूधवाला वन्सं म्हणू लागला, मग शिंपी, मग हमाल, मग शाळेचे हेडमास्तर. कचेरीतला दाढीवाला कारकूनसुद्धा खाली मान घालून "वन्सं, इथे सही करा" म्हणायचा. म्हणजे सगळं गाव त्यांची भावजय झालं होतं, आणि नणंदेचा जो वचक भावजयीवर असतो तो वन्संनी गावावर ठेवला होता.

वन्सं सरकारी कचेरीतर्फे डोंगराची वाट राखायच्या. वाट राखणं म्हणजे काठी घेऊन उभं राहणं नव्हे. उतारावर पाणी वाटेवरून धावू नये म्हणून आडव्या चरी खणायच्या, सरकलेल्या पायऱ्या पहारीने जागच्या जागी आणायच्या, आणि जिथे जिथे माणूस चुकू शकतो तिथे तिथे दगडांची एक खूण रचायची. खाली रुंद, कमरेएवढी उंच, आणि माथ्यावर चोचीचा दगड. चोच ज्या बाजूला, वाट त्या बाजूला. वडील गवंडी होते, त्यांच्या हाताखाली दगड शिकल्या. लग्नही झालं होतं. पण नवरा सपाटीवरचा होता, बोलणंही सपाट. "त्याला घरात उंबरासुद्धा नको असायचा," असं वन्सं सांगत. त्या परत आल्या, पहार उचलली आणि डोंगरावर गेल्या. त्यांच्या रागाला उतारावरच आराम पडायचा.

राग मात्र भरपूर होता. त्यांना मधल्या वाटा पाडून वळणं चुकवणाऱ्यांचा राग होता. डोंगरात येऊन कर्ण्यासारखी गाणी वाजवणाऱ्यांचा राग होता. काठ्या घेऊन सपाटीवर चालणाऱ्यांचा तर विशेष राग होता. "दोन पाय देवाने दिलेत, दोन दुकानदाराने," असं त्या त्यांच्या तोंडावर म्हणत. त्यांचं सगळं म्हणणं बरोबर असायचं असंही नाही. डोंगरावरची गवतफुलं हल्ली फिकी झालीत ती फोटो काढून काढून, यावर त्यांचा ठाम विश्वास होता, आणि तो हेडमास्तरांनाही हलवता आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या मागून निघालो. पहार माझ्या खांद्यावर. शिक्षेचा तो भाग होता.

"लेखक म्हणे तुम्ही," वाटेत त्या म्हणाल्या. 'आपण'वरून 'तुम्ही'वर आल्या हे पाहून मला जरा धीर आला.

"हो. सहल कंपनीसाठी पुस्तिका लिहितोय. धाडसी प्रवाशांसाठी निसर्गरम्य वाटा."

"धाडसी म्हणजे कोण?"

"म्हणजे ज्यांना थरार हवा असतो."

"मग त्यांना माझ्या धाकट्या भावाच्या न्हाणीघरात पाठवा. शेवाळ आहे."

खिंडीत पोचलो तेव्हा सूर्य नुकता वर आला होता आणि लगोऱ्यांच्या सावल्या लांब पडल्या होत्या. एकाच नजरेत मावणार नाहीत इतक्या होत्या. आदल्या दिवशी मला त्या गोड वाटल्या होत्या. आता वन्संच्या पाठीशी उभं राहून पाहिलं तर तो प्रकार नवीनच दिसला. वन्संच्या खुणेच्या पायातले दगड उपसलेले होते. चरीच्या काठाला बसवलेले दगड उपसलेले होते. पाणी अडवायला बांधलेल्या बुटक्या भिंतीला दात पडल्यासारख्या फटी होत्या. आयते, सपाट, घडवलेले दगड सोडून डोंगरातून कोण शोधत बसतो. मीही शोधत बसलो नव्हतो.

"ह्या कोणी सुरू केल्या?" मी विचारलं.

"तुमच्या कंपनीने." त्यांनी झुडपात अडकलेला एक रंगीत कागद काढून माझ्या हातात दिला. वर खिंडीचा फोटो, खाली लिहिलेलं: 'मनोऱ्यांची खिंड. दगडावर दगड ठेवा, मनातली इच्छा बोला.'

"ही जुनी प्रथा आहे का इथली?"

"हो. मागच्या उन्हाळ्यापासूनची."

आम्ही पाडायला सुरुवात केली. वन्सं पहारीच्या एका धक्क्यात पाडायच्या, मी लाथेने. आधी संकोच वाटला, मग मजा वाटू लागली, आणि मजा वाटते आहे हे वन्संच्या लक्षात येताच त्यांनी मला दगड वाहायला लावलं. पाडलेले दगड जिथले तिथे परत बसवायचे होते.

तेवढ्यात एक जोडपं वर आलं. दोघांचे अंगरखे एकाच रंगाचे. बाई धावत पुढे आली. "अहो, ती आमची आहे. कालच रचली. आमची इच्छा आहे त्यात."

"कसली?" वन्संनी विचारलं.

बाईने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा म्हणाला, "हिच्या बढतीची."

"मग साहेबाच्या टेबलावर रचा ना. इथे डोंगराच्या हातात काय आहे?" असं म्हणून वन्संनी ती इच्छा पहारीने आडवी केली.

नवऱ्याने तक्रार करीन म्हणून सांगितलं. वन्संनी त्याला कचेरीचा पत्ता दिला, आणि बुधवारी या, म्हणजे मीही असेन, असंही सांगितलं.

बुधवारचं प्रकरण काय ते मला तेव्हा कळलं. कंपनीने कचेरीला प्रस्ताव दिला होता. खिंडीची दगडी बाग करायची, लोकांना हवे तेवढे मनोरे रचू द्यायचे, आणि वन्संच्या जुन्या खुणा काढून टाकायच्या, कारण फोटोत त्या बोजड दिसतात. वाट काय, आता फोनमध्ये दिसतेच. वन्संचं म्हणणं उलट होतं. खिंडीत एकही लगोरी नको, नुसत्या खुणा हव्यात. कचेरीचे अधिकारी सज्जन होते, म्हणजे दोन्ही बाजूंना हो म्हणायचे. ते वन्संना म्हणाले होते, बाई, ह्या लगोऱ्यांमुळे कोणी वाट चुकल्याचं एक तरी उदाहरण दाखवा, आम्ही आजच्या आज बंदी घालतो.

"अहो मग आहे की उदाहरण," मी म्हणालो. "कालची अख्खी तुकडी. आणि चुकवणारा मी. मी येतो बुधवारी, उभा राहतो आणि सांगतो."

वन्संनी माझ्याकडे कीव येऊन पाहिलं. "त्यांनी कंपनीला काय लिहून दिलंय वाचलंत का? वाचा. वहिनीच्या फोनवर आहे. 'आयुष्यातला खरा थरार.' पाच चांदण्या दिल्यात."

"कंगोऱ्यावर रडत होते म्हणालात ना तुम्ही?"

"रडत होते. खाली पोचल्यावर त्याचा थरार झाला."

उतरताना मी एक गोष्ट पाहिली. खिंडीच्या जरा खाली, कड्याच्या बाजूला, दगडांचा एक विस्कटलेला ढीग पडला होता. त्यात पाडण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी वन्सं वाट सोडून तिथे गेल्या, ढिगाला एक सणसणीत लाथ घातली आणि परत आल्या. पायाला लागलं असणार, कारण चार पावलं लंगडल्या.

"त्यात काय होतं?" मी विचारलं.

"काही नाही."

"काही नसलेल्याला लाथ मारलीत?"

पुढची दोन वळणं त्या तरातरा उतरल्या. तिसऱ्या वळणावर पायरीवर बसल्या, बूट काढला, अंगठा चोळला.

"मागच्या पावसाळ्याच्या शेवटी," त्या म्हणाल्या, "धुकं होतं. मी पलीकडच्या बाजूची भिंत बांधून येत होते. हात पुढे केला तर दिसत नव्हता. खुणेला हात लावायचा, चोच चाचपायची, चालायचं. तिथे एक लागली. पाया रुंद, दगड एकमेकांत गच्च, वर चोच. मला वाटलं माझीच. चोचीकडे वळले." त्यांनी बूट घातला, पण नाडी बांधली नाही. "एक पाय कड्याबाहेर गेला तेव्हा कळलं. तशीच खाली बसले आणि धुकं सरेपर्यंत बसून राहिले."

"कोणी रचली होती?"

"कोणा मेल्याला ठाऊक. माझी बघून रचली असणार. हौस." मग फार नाइलाजाने म्हणाल्या, "हात चांगला होता त्याचा. दगडाला दगड बरोबर लावला होता. त्याचाच जास्त राग येतो."

मी म्हणालो, "वन्सं, उदाहरण तर तुमच्यापाशीच आहे."

"आहे. आणि ते तुम्ही बोललात तर ही पहार बघून ठेवा." नाडी बांधून त्या उठल्या. "वाट राखणारी वाट चुकली, हे गावाला सांगू? सासरी जाताना चुकले नाही मी, परत येतानाही चुकले नाही."

बुधवारी कचेरीच्या वरच्या मजल्यावर बैठक झाली. लांबलचक टेबल, त्यावर हिरवं कापड, कापडावर शाईचा जुना डाग आणि डागावर मुद्दाम ठेवलेला पाण्याचा तांब्या. भिंतीवर डोंगराचा नकाशा होता. त्यात टाचण्या टोचलेल्या आणि त्यातली एक सरळ तळ्याच्या मधोमध. अधिकारी मधल्या खुर्चीत. एका बाजूला कंपनीचा माणूस. त्याच्या जाकिटाला इतके खिसे होते, की वन्संनी त्याचं नावच खिसेवाला ठेवलं होतं. किल्ल्या वाजल्या की त्या कुठल्या खिशात आहेत ते त्याला चाचपून पाहावं लागे. त्याच्या शेजारी, आणि हे मला खुपलं, वन्संचा धाकटा भाऊ, पाहुणेघराचा मालक, बसला होता. दगडी बाग झाली तर खोल्यांवर मजला चढवायचं त्याच्या मनात होतं. बहिणीशी नजरानजर होऊ नये म्हणून तो तळ्यातल्या टाचणीकडे बघत होता.

खिसेवाल्याने भिंतीवर चित्रं दाखवली. प्रत्येक चित्रात हसरी माणसं आणि लगोऱ्या. अधिकारी प्रत्येक चित्राला "सुंदर" म्हणत होते. मग त्यांनी वन्संना विचारलं, "उदाहरण मिळालं का, बाई?"

मी उभा राहिलो. माझी लगोरी, चोच, धुकं, कंगोरा, सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला होता. मला वाटलं, आता सभा हादरेल. खिसेवाला प्रसन्न हसला.

"साहेब, हे आमचेच लेखक. बघा, किती रंगवून सांगतात. पुस्तिकेत हा प्रसंग नक्की घेऊ. आणि ती तुकडी पुढच्या वर्षी परत येतेय, मित्रांना घेऊन. त्यांनी मुद्दाम विचारलंय, तो कंगोरा पुन्हा मिळेल का."

अधिकारीही हसले. मी हसवणारा माणूस. लोक हसले की मी कृतकृत्य होतो. त्या दिवशी पहिल्यांदा मला हसण्याचा संताप आला. पण माझा राग बशीतल्या चहासारखा. फुंकर मारली की निवतो. मी खाली बसलो.

"म्हणजे खऱ्या अर्थाने चुकलं असं कोणी नाही," अधिकारी म्हणाले. "माहीतगार माणूस, ज्याला वाट ठाऊक आहे, असा कोणी..."

"मी चुकले," वन्सं म्हणाल्या.

खिसेवाल्याच्या कुठल्याशा खिशात फोन वाजत होता, तो शोधायचं सोडून खिसेवाला वन्संकडे बघू लागला.

"मी चुकले," वन्सं परत म्हणाल्या. उभ्या राहिल्या नाहीत. दोन्ही हात हिरव्या कापडावर सपाट ठेवले होते. "त्याच खिंडीत. लोकांनी रचलेला ढीग माझी खूण समजले. एक पाय कड्याबाहेर गेला. मी ती वाट बांधलीय. मला चुकवलं ह्यांच्या खेळाने, तर आपल्या पाच चांदण्यावाल्यांचं काय होईल ते आपण बघा. आपण उदाहरण मागितलंत. दिलं."

भावाने आता बहिणीकडे पाहिलं. तोंड उघडलं. मला वाटलं, बोलेल. त्याने तांब्या पुढे ओढून पाणी ओतून घेतलं.

बोलला तो खिसेवाला, आणि फार हळुवारपणे बोलला. "बाईंनी मोठ्या मनाने सांगितलं. पण साहेब, मग प्रश्न लगोऱ्यांचा राहत नाही. वाट राखणारं माणूसच आपली खूण ओळखत नसेल, तर... वय असतं प्रत्येकाचं. त्यांच्या भरवशावर आपण पाहुणे वर पाठवायचे का?"

चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या. चोर इतक्या मायेने बोंबलतो हे पहिल्यांदा पाहिलं. अधिकाऱ्यांनी डोळ्यांवरून चष्मा काढला, पुसला, परत लावला. एका वेळी दोन्ही बाजूंना हो म्हणायची त्यांची सवय त्या एका दिवशी सुटली. खिंडीत बाग करायची ठरली. वाटेला रंगीत बाणांचे पत्रे लावायचे ठरले. वन्संनी पुष्कळ सेवा केली, आता त्यांनी विश्रांती घ्यावी असं ठरलं. टाळ्याही वाजल्या. पहार, कुदळ आणि घमेलं कचेरीत जमा करायचं होतं.

"पहार माझ्या बापाची आहे," वन्सं म्हणाल्या. "आपलं घमेलं आपण घ्या." आणि निघून गेल्या.

त्या दुपारी पाहुणेघरात जो स्वयंपाक झाला तो रागावर झाला. वहिनींनी बैठकीची हकीकत माझ्याकडून ऐकली, एकदा नवऱ्याकडून ऐकली, आणि दोन्हींत फरक नाही हे पाहून भांडी घासायला घेतली. घासलेलीच भांडी परत घासली. खिसेवाला नेहमीप्रमाणे जेवायला आला, तर त्याच्यापुढे ताट मांडलं आणि ताटात चोचीचा दगड ठेवला. तो त्या दिवसापासून स्वयंपाकघरातच होता.

"वहिनी, हे काय?" त्याने विचारलं.

"इच्छा बोला," वहिनी म्हणाल्या.

तो उठून गेला. मग मालक आत आले. "अगं, गिऱ्हाईक आहे तो. असं करून कसं चालेल? ताईच्या भल्यासाठीच..."

"अहो, तुम्ही बोलू नका," वहिनी म्हणाल्या. "पाणी तेवढं प्या. तुम्हाला छान जमतं ते."

दालनात कंपनीच्या रंगीत कागदांचा गठ्ठा पाहुण्यांसाठी ठेवलेला असायचा. वहिनींनी तो उचलला आणि बंबाखाली घातला. त्या संध्याकाळी अंघोळीचं पाणी फार चांगलं तापलं होतं. मीही पुस्तिकेची लिहिलेली पानं आणून दिली. वहिनींनी ती वरवर चाळली आणि म्हणाल्या, "ओलं आहे तुमचं लिखाण, पेटायला वेळ लागेल." पण घेतली. कंपनीला मी कळवलं, की निसर्गरम्य वाटा दुसऱ्या कोणाकडून लिहवून घ्या. त्यांचं उत्तर आलं, हरकत नाही, मजकूर मशीनकडून करून घेऊ. माझा राग तिथेही वाया गेला.

जायच्या दिवशी सकाळी मी वन्संना शोधलं. खोलीला बाहेरून कडी होती. दाराशी बूट नव्हते. कोपऱ्यात पहार उभी असायची, तिथे भिंतीवर नुसता गंजाचा ओरखडा होता. मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी चोचीचा दगड एका पिशवीत घालून माझ्या हातात दिला आणि हनुवटीने डोंगराकडे दाखवलं.

दगड फार जड होता. पहिल्यांदा उचलला होता तेव्हा इतका जड लागला नव्हता. वाटेत पहिले दोन रंगीत पत्रे लागले. एकावरचा बाण वाऱ्याने फिरून जमिनीकडे तोंड करून लटकला होता.

खिंडीत ढग उतरायच्या बेतात होता. वन्सं वाकून काम करत होत्या. निम्म्या लगोऱ्या आडव्या झाल्या होत्या आणि मधोमध, फाट्यावर, त्यांची जुनी खूण पुन्हा पायापासून जवळजवळ उभी राहत आली होती. कपाळावरचा घाम त्या कोपराने पुसत, एकेक दगड उलटसुलट करून पाहत, मनात न भरलेला फेकून देत आणि त्याला शिवी घालत. मी आलो ते त्यांनी पाहिलं नाही, किंवा पाहूनही पाहिलं नाही.

मी पिशवी खाली ठेवली. "वन्सं, उद्या परवा कंपनीची माणसं येतील. आल्या आल्या परत रचतील."

त्यांनी दगड ठोकून बसवला.

"कचेरीला कळलं तर पहारही नेतील."

त्यांनी फटीत दगडाची एक कपची घातली, हाताने हलवून पाहिलं, हलली नाही.

मला राहवलं नाही. "अहो, पण तुम्हाला तर कामावरून काढलंय ना?"

त्या सरळ उभ्या राहिल्या. पिशवीतून दगड काढला, दोन्ही हातांनी खुणेच्या माथ्यावर ठेवला, चोच वाटेकडे फिरवली, आणि खिंडीत शिरणाऱ्या पांढऱ्याकडे पाहत मला म्हणाल्या,

"धुक्याला काढलंय का रे कोणी? तो दुसरा दगड दे तू इकडे."